लेंगानाच्या रंगाची भिंत

६ सप्टेंबर
आजपासून हे माझं घर. अंगणात पीचला बहर आलाय आणि साठीची नवरी बघायला अख्खं गाव लोटलं होतं. रीतीप्रमाणे नवऱ्याच्या, मोकेतेंच्या बहिणीनं, लिनेओनं, मला सासरचं नाव दिलं: मात्सेपो, म्हणजे विश्वासाची आई. मी म्हटलं, या वयात कुणाची आई होणार? ती म्हणाली, "वहिनी, आधी नाव तर घ्या, बाळाचं मागाहून बघू!" सगळ्या खिदळल्या. मीही हसले. शाळेत जन्मभर मी केनेवेबाई होते. सवय मोडायला वेळ लागेल, पण रीत ती रीत.

८ सप्टेंबर
निजायच्या खोलीच्या भिंती तांबड्या मातीच्या, लिंपताना बोटांनी ओढलेल्या चऱ्यांची नक्षी असलेल्या. मोकेतेंच्या पहिल्या बायकोचं काम. तिचं नाव विचारलं तर म्हणाले, गेलेल्याचं नाव काढू नये. नक्षी देखणी आहे, पण दुसरीच्या बोटांखाली मला झोप लागायची नाही. भिंती घासून सपाट केल्या आणि राजधानीहून, मासेरूहून आणलेला रंग दिला. हिरवा, पण दबका. लेंगानाच्या औषधी झुडपाच्या पाल्यासारखा राखट. खोली कशी शांत झाली! मोकेते दारात उभे राहून बघत होते.

११ सप्टेंबर
पलंगामागच्या भिंतीवर चऱ्या परत उमटल्या आहेत. ओल असणार. मोकेते म्हणाले, राहू दे ना. मी राहू देणारी बाई नव्हे. पुन्हा घासली, पुन्हा रंगवली.

१४ सप्टेंबर
चऱ्या पुन्हा आल्या, अधिक खोल. बोटं घालून पाहिली, माझी बरोबर बसली. रंग अजून ओलाच.
पाणी घेऊन आले तर आतून मोकेतेंचा आवाज: "मात्सेपो, थोडी कळ काढ." मी दारातून ओ दिली. ते दचकले. तोंड भिंतीकडे होतं.

१७ सप्टेंबर
शेजारची माकाबेलो भाजी निवडता निवडता बोलून गेली, "बरं झालं म्मे, न्तातेंची, तुमच्या यजमानांची जीभ अडखळायला नको. पहिलीही मात्सेपोच की!"
तडक लिनेओकडे गेले. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, दादाला तीच हवी होती. "तिचं नाव होतं, वहिनी. तिला अंग हवं होतं."
म्हणजे त्या दिवशी हसणाऱ्या सगळ्यांना—

१९ सप्टेंबर
बॅग भरली. दाराकडे निघाले की भिंतीपाशीच पोचते. दंडावर हिरवं. साबणानं जात नाही.
मोकेतेंना समोर उभं करून विचारलं. रडले. म्हणाले, तू फार भली आहेस. भली! खोटं बोलणारी पोरंसुद्धा माझ्या डोळ्यांत बघून—

२० सप्टेंबर
हिरवं मानेपर्यंत. ओलं. पाठ सुटत नाही भिंतीपासून—

२१ सप्टेंबर
बाहेरून हाक. मात्सेपो, पेज गार होतेय. मी तोंड दाबून धरलं. ओ द्यायची नाही—
ओ दिली. कुणीतरी. माझ्याच आवाजात.
माझ्या चपला वाजत बाहेर गेल्या.
दोघं हसताहेत. ते विचारताहेत, पेजेत साखर घालू का, आणि ती म्हणतेय, विसरलात का इतक्यात?
मी केनेवे. मी केनेवे. मी के—