सोललेल्या द्राक्षांचे डोळे

लाडक्या आईला कोरीनचा नेब्रास्काहून गोड पापा.

नव्या गावात आमचं बरं चाललंय, काळजी करू नकोस. हॅलोविनला गॅरेजात काळ्या चादरी टांगून भूतघर केलं. अंधारात हात घालायला वाडगंभर ‘भुताचे डोळे’ ठेवले, तू करायचीस तशीच द्राक्षं सोलून.

शेजारचा चिमुरडा भोकाड पसरून रडायला लागला. शाळेत अजून कुणाशी न बोलणारी तुझी नात मेझी त्याला म्हणाली, “ए, रडू नको ना! द्राक्षं आहेत ती. बघ, मी खाते.” झालं! पोरांनी सगळे डोळे फस्त केले. मग घाबरलं कुणीच नाही, पण मेझीला मैत्रिणी मिळाल्या.

चाळीस द्राक्षं सोलताना माझी बोटं आखडली गं. तू दरवर्षी दोन वाडगी सोलायचीस आणि आम्ही “ईऽऽ” करून पळायचो.

आई, तुझी बोटं आता कशी आहेत?

तुझीच,
कोरीन