हार्डडिस्क बसवली त्या आठवड्यात

६ मार्च १९८९, सोमवार

सिद्धी बसवणार! मी नाही. बाबुरावसाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं — "हार्डडिस्क आलीय. पणजीला कोर्स केलेली मुलगी आपल्याकडे असताना बाहेरचा माणूस कशाला?"

वास्कोच्या ऑफिसानं टाकून दिलेलं हे जुनं कॉम्प्युटरचं धूड इथं डिचोलीला आलं, त्याला तीन वर्षं झाली. कोणी हात लावत नव्हतं. मी लावला. त्याचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं, फ्लॉप्या बदलून-बदलून खनिजाच्या ट्रकांच्या याद्या काढल्या. आणि हिला येऊन चार महिने! ऑपरेटरची कायम जागा एकच आहे. मी अजून टायपिस्टच.

७ मार्च

सिद्धी मुळगावहून पहिल्या बसनं हजर. केसांत अबोलीची फाती माळलेली — जशी काही जत्रेला निघालीय!

पेटी उघडली. एक फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी डिस्क सरकवली. विटेएवढी जड. हात हलका आहे तिचा — लिहवत नाही, पण आहे. "देवकीताय, मात्शी बॅटरी धरतात?" उजेड धरला पेटीत.

मग तिनं चपटी केबल लावली. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती एक नंबरच्या पिनेकडे यावी लागते. पुस्तकात पान एकेचाळीस. तिनं उलटी लावली.

मला दिसलं. उजेड माझ्याच हातात होता.

बोलले नाही.

८ मार्च

चालत नाही. पडद्यावर नुसता १७०१, म्हणजे डिस्कमध्ये बिघाड. साहेब म्हणाले, "नवी वस्तू जाळलीस की काय?" तिचे कान लाल झाले.

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं!

९ मार्च

सगळं सोडवून पुन्हा जोडलं. केबल पुन्हा तश्शीच. मग माझ्या टेबलाशी आली — "ताय, तुमी पुस्तक वाचलां न्हय? म्हजें कितें चुकता?"

म्हटलं, "मला आपलं टायपिंग येतं फक्त."

१० मार्च

पणजीहून दुरुस्तीचा माणूस आला. दोन मिनिटं! "अहो, लाल रेघ उलटी." केबल फिरवली, डिस्क घुं करून फिरायला लागली.

साहेब भडकले. "तीन दिवस इथं एकालाही दिसलं नाही?"

सिद्धीनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही — तिला कळलं. मला वाटलं, आता बोलणार. तर म्हणते, "कोणाकच दिसूंक ना, साहेब. म्हजीच चूक."

साहेब — "उद्यापासून येऊ नकोस." आणि तिथल्या तिथं मला — "देवकीबाई, मशीन आता तुमच्याकडे."

माझी जागा. शेवटी माझी!

जाताना तिनं स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "ताय, झाकण बसोवपाचें उरलां."

चार स्क्रू. एक काही केल्या धड बसेना.

११ मार्च

साहेबांना सांगितलं — मंगळवारीच दिसलं होतं मला.

"मग बोलला का नाहीत?"

"हेवा वाटला."

मग म्हणाले, "आता मशीनवर कोणाला बसवू?" मी नाव सांगितलं.

दुपारच्या बसनं मुळगावला निघालेय. तिचं घर ठाऊक नाही. विचारत जाईन.