युनिट का वाढले

११ फेब्रुवारी
सकाळी ज.चा फोन. ज. म्हणजे जयराम, माझा नवरा. त्याचं पूर्ण नाव लिहायला शाई का घालवू? ठाण्याला गेला, सिक्युरिटीत लागला, तिथेच एकीबरोबर राहिला. दोन दिवाळ्या झाल्या. घरी पैसा नाही, पोरीची चौकशी नाही. एवढं एक करतो, लाईटबिल भरतो. मीटर त्याच्या नावावर, बिलाचा मेसेज त्याच्याच मोबाईलवर, तिथूनच बोट लावून भरतो. अख्खा पाडा म्हणतो, गेला तरी घर धरून आहे हो.
आज विचारतो, "या महिन्यात युनिट का वाढले?"
म्हटलं, आईंना ताप होता. कॉईलवर पाणी तापवत होते.
"एवढे? कोण आलं होतं?"
आधी कळलंच नाही काय विचारतोय. कळलं तेव्हा त्याने फोन ठेवला होता.

१२ फेब्रुवारी
मला वाटायचं, हा आम्हाला विसरला. विसरला असता तर बरं. हा दर महिन्याला बिलातून घरात डोकावत होता. सोनल आश्रमशाळेतून सुट्टीला आली की युनिट वाढणार. अंगणवाडीचे रिपोर्ट भरत मी जागी राहिले की वाढणार. तिकडे बसून हा हिशेब लावणार, विमल एकटी आहे की कोणाबरोबर. स्वतः कोणाबरोबर आहे ते सोडून.
सासूला सांगितलं. ती नागली पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "भरतो ना बिल? भरू दे. तुना काय जातं?"
खरंच काय जातं? दुसरा भरतो त्याहून स्वस्त मार्ग कुठला? माझं मानधन कधी येईल त्याचा भरवसा नाही. म्हणून तर मीही गप्प होते इतके दिवस.
बरं मग. भर म्हणावं. दात आंबेपर्यंत भर.

२० फेब्रुवारी
भर दिवसा सगळे दिवे चालू. अंघोळीला कॉईल, भांड्यांनाही कॉईल. चूल बंद. लाकडं पावसाळ्यासाठी रचून ठेवली. सोनलसाठी जुनी इस्त्री आणली होती ती काढली, गोधड्यांनासुद्धा फिरवली. आजूबाजूच्या बायांना सांगितलं, मोबाईल आणा, मिक्सर आणा, लावा आमच्याकडे. जनी आली, तिची सून आली. मसाला वाटला, चटणी वाटली. जनी म्हणे, "बाई, तुमचं बिल?"
म्हटलं, "आमचा माणूस घर धरून आहे ना."
खूप दिवसांनी पोटातून हसले.
सासू मात्र एकेक बटण बंद करत मागून फिरते. मी परत चालू करते.

९ मार्च
बिल आलं असणार. फोनची वाट बघत होते. तो ओरडणार, मी ऐकणार. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं.
फोन नाही.

११ मार्च
फोन नाही कसा आला ते आज कळलं. दाभोशाहून दादा आला, माझा मोठा भाऊ. चहा घेतला नाही. ओट्यावर उभ्यानेच म्हणाला, "विमल, खरं सांग. घरात कोण राहतंय?"
ज.ने त्याला बिलाचा फोटो पाठवलाय. वर लिहिलंय, एकट्या बाईला एवढी लाईट लागते का, विचारा तुमच्या बहिणीला. त्याच्या चुलतभावांनाही पाठवलाय. बिल भरून पुन्हा बिचारा झाला.
मी दादाला सांगितलं, मुद्दाम जाळली लाईट. त्याला पटेना. "मुद्दाम कोण जाळतं?"
सासू आतून बाहेर आली. "मी म्हातारी राहते घरात. माझ्या डोळ्यांसमोर कोण येईल? जा, सांग सगळ्यांना."
दादा गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मी शहाणी. स्वतःच्या हाताने त्याच्या हातात कोलीत दिलं.

१३ मार्च
होस्टेलच्या बाईंच्या फोनवरून सोनल बोलली. इकडचं तिकडचं झालं. मग अगदी हळू, "आई, आपल्या घरी कोण येतं का?"
नववीतली पोर. वर्गात कोणाची तरी आतेबहीण आमच्या भावकीतली.
म्हटलं, "कोण नाही येत, बाळा. तुझा बाप खोटं बोलतो."
आजवर मी तिच्यापाशी बापाला वाईट म्हटलं नव्हतं. तेही त्याने माझ्याकडून करून घेतलं. हे मी सोडणार नाही. बाकी सगळं सोडीन. हे नाही.

१६ मार्च
होळी झाली. ठाण्याची किती माणसं गावी आली, हा आला नाही. मेन स्विच खाली ओढला. घे आता. बघ आता घरात.
सोनलचा सोलरचा दिवा आहे, तो दिवसा पत्र्यावर ठेवते. मोबाईल जनीकडे चार्ज. चूल पेटवली.

१० एप्रिल
ज.चे फोनवर फोन. उचलले नाहीत. मग त्याने जनीच्या मुलाला फोन केला. घराला कुलूप आहे का? विमल कुठे गेली? आई कुठे आहे?
बिलात युनिट नावालाच, होळीआधीचे. घर रिकामं झालं असं वाटलं त्याला. आणि गंमत ही की युनिट नसले तरी वरचा आकार लागतोच. त्याने दिव्याचे थोडे भरले, बाकी नुसत्या अंधाराचे.
जनीच्या मुलाला सांगितलं, सांग त्याला, माहीत नाही म्हणून. चार दिवस तडफडू दे.

१२ एप्रिल
दुपारी अंगणवाडीतून आले तर सासू मोरीजवळ बसलेली. तोंड लाल, हात गार, बोलणं अडखळत. पत्रा नुसता भाजतोय. पाणी पाजलं, ओलं फडकं फिरवलं, जनीच्या पंख्याखाली नेऊन निजवलं. उपकेंद्रातली नर्स आली, म्हणाली, ऊन बाधलं, थोडक्यात निभावलं.
संध्याकाळी नीट बोलायला लागली तर पहिलं हेच, "भांडतां तुम्ही दोघां. मना का उकडतां?"
घरी आले, मेन वर केला. पंखा फिरला. त्याच्या मीटरवरचा पंखा.
जास्त जाळलं तरी तो जिंकतो, बंद केलं तर म्हातारी मरते. त्याच्या नावाच्या तारेवर मी काहीही केलं तरी ते त्यालाच जाऊन पोचतं.

१५ एप्रिल
सुट्टी टाकून मोखाड्याला गेले. आधी ऑनलाइनवालीकडे. चुणचुणीत पोर आहे. म्हटलं, मला माझं बिल स्वतः भरायचंय, सगळ्यात स्वस्तात कसं पडेल?
तिने नीट सांगितलं. जव्हारला खिडकीवर जाऊन भरलं तर जादा काही घेत नाहीत, पण जीपचं जाणं-येणं आणि एक दिवस मोडतो. तिच्या दुकानात भरलं तर ती वर थोडे घेणार. स्वतःच्या मोबाईलवरून भरलं तर वर काहीच नाही, आणि लवकरच्या तारखेच्या आत भरलं तर थोडी सूट.
"पण ताई, मोबाईल नंबर दुसऱ्याचा आहे या बिलावर. आत्ता कोण भरतं?"
"नवरा."
"मग फुकटच आहे की!"
मी म्हटलं, "फुकट नाही गं. सगळ्यात महाग तेच पडतंय."
मग तिनेच लाईट ऑफिसला काय काय लागतं ते विचारून घेतलं. मीटर माझ्या नावावर करायचं तर ज.ची सही. किंवा घर ज्याच्या नावावर आहे त्याची संमती.
घरपट्टी सासूच्या नावावर आहे.

१८ एप्रिल
सासूला विचारलं. सरळच विचारलं. आई, तुमचा अंगठा पाहिजे, मीटर माझ्या नावावर करायचं.
सुकत घातलेली मोहाची फुलं सासू चाळत बसली. तिचा एकुलता एक मुलगा. पाटीवर त्याचं नाव आहे, मीटरवर त्याचं नाव आहे, बाकी घरात त्याचं उरलंय काय?
मला वाटलं, नाही म्हणणार. नाही म्हणाली तर काय करायचं तेही ठरवलं होतं. दादाकडे जाईन, म्हातारीला ठेवीन त्याच्या युनिटांबरोबर. असलं मनात आलं खरं.

२२ एप्रिल
आज सकाळी भाकरी करताना म्हणाली, "कवां जायचं मोखाड्याला?"
जीपमध्ये पुढे बसवलं तिला. ऑफिसात साहेबाने विचारलं, "आजी, मुलाची हरकत नाही ना?"
"घर माझा हाय. भिंत माझी हाय. भिंतीवरचा डबा कोणाचा, ते मी सांगन."
अंगठा दिला. शाई पदराला पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "मना पंखा लागंल. मी जगन तवर. मग तू जाळ नायतं विझव."
येताना तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला. लहान पोरीसारखी खात होती. मला रडू यायला लागलं म्हणून बाहेर बघत बसले.

१३ मे
मेसेज आला. माझ्या मोबाईलवर. वर माझं नाव. विमल जयराम असं छापलंय. तेवढा जयराम राहिला, चालेल.
घरात नेट चालत नाही. टाकीजवळच्या टेकाडावर चढले, तिथून भरलं. लवकरच्या तारखेत. सूट मिळाली, दोन कोथिंबिरीच्या जुड्या येतील एवढी. अशी खुशी आयुष्यात कमी वेळा झाली.
भरल्याचा फोटो काढला आणि ज.ला पाठवला. एक अक्षर लिहिलं नाही. मग दादाला. मग त्याच्या चुलतभावांना, एकेकाला. ज्याला ज्याला त्याने माझं बिल दाखवलं होतं त्या प्रत्येकाला.
दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही.

१४ मे
उत्तर आलं, फोनच केला त्याने. "मीटर चोरलंस माझं! मैं भरता था ना? काय कमी पडलं होतं?"
मी म्हटलं, "तिकडच्या घरात बिल कोण भरतं?"
मी थांबले नाही.
"तिथे युनिट वाढले की तू तिला विचारतोस का, कोण आलं होतं?"
सासूने हातातून फोन घेतला. वाटलं, आता लेकाला गोंजारणार. म्हणाली, "जयराम, तुझ्या पोरीला तुझ्यापायी वर्गात मान खाली घालावी लागली. तुना लाज हाय का?" आणि फोन माझ्याकडे परत दिला. चालू होता का बंद, तिला कळत नाही. तो ऐकत होता. मी मुद्दाम बराच वेळ बंद केला नाही.

१५ मे
विहिरीवर बाया जमल्या होत्या. टँकर यायचा होता. सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वर्षं त्याने काय दिलं, काय नाही दिलं, बिलाचं काय केलं, पोरीला काय ऐकावं लागलं. मोठ्याने सांगितलं. जनी म्हणाली, "आम्ही त्याला चांगला म्हणत होतो गो."
"म्हणत होतात," मी म्हटलं. त्यांनाही सोडलं नाही.
सोनल सुट्टीला आली आहे. ती कळशी घेऊन मागे उभी होती, सगळं ऐकलं. घरी येताना माझा हात धरला. रस्त्यात कोणी धरलेला तिला आवडत नाही आता, पण धरला.
वाटलं होतं, एवढं झालं की आत गार पडेल. नाही पडलं. अजून पाहिजे. काय पाहिजे ते कळत नाही.

२६ मे
दादाचा फोन. ज.ची नोकरी गेली म्हणे. ठाण्याच्या खोलीचं भाडं ती बाईच भरत होती, तिने बाहेर काढलं. "विमल, मी त्याची बाजू घेत नाही. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं." मग म्हणाला, "त्या दिवशी चहा घ्यायला पाहिजे होता मी."
फोन ठेवल्यावर दोन वाट्या तांदूळ जास्तच निवडले. लक्षात आलं तेव्हा परत डब्यात ओतले. जोरात.

२७ मे
सकाळच्या जीपने आला. एक बॅग. दाढी वाढलेली, बारीक झालाय. सासूने लोटा दिला, चहा दिला आणि आत गेली. सोनल मागच्या दाराने जनीकडे गेली. तो ओट्यावर बसला. आत ये असं कोणी म्हटलं नाही, तो आला नाही.
या तोंडाची दोन वर्षं वाट पाहिली. काय काय बोलायचं होतं. शिव्यासुद्धा निवडून ठेवल्या होत्या. मी निघायच्या तयारीत उंबऱ्यावर उभी, तो खाली बघत. मग खिशातून मोबाईल काढला, वायर काढली, दोन्ही हातात धरून मला म्हणाला,
"विमल, चार्जिंगला लावू का?"
विचारून. स्वतःच्या घरात, विचारून.
सासू आतून माझ्याकडे बघत होती. बोर्ड तिच्या डोक्याच्या वरच होता. हो म्हणायला काही लागत नव्हतं, नाही म्हणायलाही. अंगणवाडीची किल्ली घेतली आणि निघाले.
आता इथे बसून लिहितेय. पोरं यायची आहेत, खिचडी चढवायची आहे. दार उघडं टाकून आले. त्याने स्वतःच लावला असेल, की सासूने लावून दिला, की अजून तसाच हातात धरून बसलाय? दुपारी जाऊन बघेन.
तो हातात धरूनच बसलेला दिसावा असं वाटतंय. आणि तसा दिसला तर पुढे काय, ते... पोरं आली.