सोमवारपासून घरी वेल्श

६ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून घरात फक्त वेल्श. निश्चय झाला. दिवसभर शाळेत मुलांना वेल्शमधून शिकवायचं आणि घरी स्वतःच्या पोरीशी इंग्रजी बोलायचं, हे बरं दिसत नाही. दोष माझा नाही. मी न्यूपोर्टचा, वेल्सच्या इंग्रजी बोलणाऱ्या टोकाचा. आमच्याकडे वेल्श फक्त रस्त्याच्या पाट्यांवर. मी भाषा शिकलो तोवर मारेद पाच वर्षांची झाली होती आणि आमचं दोघांचं इंग्रजीत जमून गेलं होतं. इकडे ज्याच्याशी जी भाषा पहिल्यांदा बोललो ती मरेपर्यंत सुटत नाही. माझी सुटणार. मी पद्धतशीर माणूस आहे.
नाश्त्याला मारेदला वेल्शमध्ये विचारलं, झोप झाली का? ती माझ्या वर्गात बसते तशी खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, हो सर.
सुरुवात म्हणून वाईट नाही.

७ फेब्रुवारी
दहावीला नवा प्रोजेक्ट दिला. दोघादोघांनी मिळून तीन मिनिटांची फिल्म. फोटो, रेकॉर्डिंग, ॲनिमेशन, काय हवं ते. विषय ‘आमच्या घरचे आवाज’. कुठे वेल्श वापरायची, कुठे इंग्रजी, ते मुलांनीच ठरवायचं. दहा मार्चला पालकांना दाखवायच्या. काउंटीच्या शिक्षण खात्यातल्या निरीक्षकबाईही येणार.
मारेद आणि तिची मैत्रीण ग्वेनो एका गटात. फिल्म आमच्या घरावर! मी अजिबात लुडबुड करणार नाही. फक्त जाता जाता सुचवलं, की वडिलांचा भाग वेल्शमध्ये ठेवला तर शोभून दिसेल. ग्वेनो म्हणाली, सर, आत्ताच म्हणालात ना, तुमचं तुम्ही ठरवा म्हणून?
फाजील आहे, पण वेल्श उत्तम. एकूण सगळा वर्गच वेल्श बोलतो. निदान मी जवळ गेलो की बोलतो. लांबून ऐकू येत नाही, पण वेल्शच असणार.

१३ फेब्रुवारी, सकाळी
मारेदने टोस्टरमागे फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू केलेलं मला दिसलं. मी न पाहिल्यासारखं केलं. पाव भाजता भाजता बायकोशी खाडीवरच्या धुक्याबद्दल वेल्शमध्ये चार सुंदर वाक्यं बोललो. (काल पाठ केली होती.) नेरिस म्हणाली, येस्तिन, ताप आहे का तुला?
मारेद म्हणते, रेकॉर्डिंगमध्ये ते तापाचं तेवढंच स्पष्ट आलंय. कापून टाक म्हटलं. सूचना म्हणून. लुडबुड नाही.

१६ फेब्रुवारी
घरात शांतता वाढली आहे. पूर्वी शाळेला जाताना गाडीत मारेद माझं डोकं खायची. कोणाचं कोणाशी बिनसलं, गणिताच्या सरांनी केस कसे काळे केले, एक ना दोन. आता खिडकीबाहेर बघते. होमवर्क झाला सर. डबा घेतला सर. एकाग्रता सुधारली, हा मोठाच फायदा.
नेरिस म्हणाली, अरे, पोरगी तुझ्याशी बोलेनाशी झालीय, कळतंय का तुला? मी म्हटलं, बोलते की. आणि व्याकरण बघ तिचं! नेरिसने माझ्याकडे बघितलं आणि भांडी जोरात ठेवली.

२ मार्च, संध्याकाळी
मारेद खोलीत दार लावून रडत होती. मी दारापाशी गेलो. तोंड उघडलं, आणि वेल्शमध्ये काय म्हणायचं ते आठवेना. मला मूल्यमापन येतं, मुदत येते, आग लागल्यास मैदानात जमा व्हा हेही येतं. रडणाऱ्या पोरीला काय म्हणतात ते, मी वेल्श शिकलो त्या संध्याकाळच्या वर्गात शिकवलंच नव्हतं. इंग्रजी जिभेवर होतं. पण निश्चय म्हणजे निश्चय. शेवटी विचारलं, काही अडचण आहे का? आतून आवाज आला, काही नाही सर.
मग नेरिस आत गेली. रडणं वाढलं, मग बोलणं सुरू झालं, मग दोघी हसल्यासुद्धा. मी जिन्यात उभा. खाली जावं की वर, समजेना.
नंतर कळलं, ग्वेनोशी वाजलं होतं. फिल्ममधला एक भाग ठेवायचा की काढायचा यावरून. ग्वेनो म्हणत होती, ठेव. मारेद म्हणत होती, बाबाला वाईट वाटेल. मी निरोप पाठवला, दोन्ही फाइली सेव्ह करून ठेवा.

१० मार्च, शुक्रवार
हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत, नवा टाय.
मारेदच्या फिल्ममध्ये आधी नेरिस, वेल्शमध्ये कुत्र्याला रागावताना. मग मी. इंग्रजीत! जुन्या फोनमधलं काहीतरी. मी मेंढ्यांचं भांडण करून दाखवतोय, एक मेंढी पुढारी, एक कजाग सासू, आणि सहा वर्षांच्या मारेदला हसून हसून उचक्या लागल्यात. हे मी पार विसरलो होतो. मग हल्लीचा माझा आवाज, वेल्शमध्ये: झोप झाली का. डबा घेतला का. काही अडचण आहे का. त्यावर मारेदचा आवाज: आमच्याकडे महिन्याभरापासून एक सर राहायला आलेत. चांगले आहेत. बाबा कधी येणार, ते त्यांना विचारायचा धीर होत नाही.
पालक हसले. निरीक्षकबाई म्हणाल्या, दोन्ही भाषांचा किती सहज वापर! माझं अभिनंदन केलं. मी टाळ्या वाजवत राहिलो, इतरांच्या थांबल्या तरी.

त्याच दिवशी, घरी आल्यावर
गाडीत निश्चय मोडला. इंग्रजीत म्हटलं, फिल्म छान झाली गं. मग काय सुचलं कोण जाणे, पुढारी मेंढीचा आवाज काढला. सासूचाही काढला. पूर्वीइतकाच जमला.
मारेद हसली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि वेल्शमध्ये, माझ्याशी पहिल्यांदाच ‘सर’ न लावता म्हणाली, राहू दे ना, बाबा. मी आता मोठी झालेय.
उत्तर द्यायला मला दोन्ही भाषा मोकळ्या होत्या. मी इंडिकेटर दिला आणि घराकडे वळलो.