पट्ट्यावरची जाळी

३ फेब्रु.
रामसूले घेऊन ब्रह्मपुरीच्या कोर्टात गेलो. धानोऱ्याकडचा गडी, आमच्या राइस मिलमध्ये मजुरीले होता. डिसेंबरात मशीनच्या पट्ट्यात उजवा हात गेला, कोपरापासून कापावा लागला. शेठ भरपाईचं नाव घेत नाई. मी तिथला फिटर. गरिबाले फुकट वकील मिळते ऐकलं होतं. मिळाली. बाई आहे, तरुण. रामसू मराठी कमी बोलते, म्हणून सगळं मीच सांगतलं. एक सोडून.

११ फेब्रु.
शेठनं विचारलं, "सलीम, त्याच्यासंगं कुठी फिरून राह्यला?"
म्हटलं, त्याले एकट्याले बसमध्ये चढता येत नाई.
"फिर. पण ड्यूटी इथी आहे, ध्यानात ठेव."

९ जून
दाव्याले शेठचं लेखी उत्तर आलं. वकीलबाईनं वाचून दाखवलं. मनाई असताना मजुरानं स्वतःच पट्ट्यावरची सुरक्षेची जाळी काढली, म्हणून आम्ही जबाबदार नाई. बाई म्हणे, हे सिद्ध झालं तर दावा अडचणीत येईल.
रामसू माझ्याकडे पाहून विचारते, "कोणती जाळी?"
त्यानं ती पाहिलीच नाई. तो कामाले लागला त्याच्या आधीच...

१० जून
लिहूनच टाकतो. जाळी मी काढली. कोंडा अडकायचा, घडीघडी मशीन बंद. शेठ म्हणे, काढून ठेव, सीझन जाऊ दे. चार बोल्ट, माझाच पाना. रामसूले दवाखान्यात नेलं त्याच दुपारी शेठनं परत बसवाले लावली. बसवलीही मीच.

२२ ऑग.
साक्षीची तारीख लागली. घरी बायको नसीमले जाळीचं सांगतलं, साक्ष देऊ का विचारलं. पोळ्या लाटत राह्यली. मग म्हणे, "नौकरी जाएगी."
हो म्हटलं.
"और नहीं बोले तो?"


२५ ऑग.
वकीलबाईले खरं सांगतलं. तिनं पेन खाली ठेवला.
"शपथेवर सांगाल?"
सांगीन म्हटलं.
"शेठ म्हणतील, फिटरनं मनानंच काढली. त्यांनी सांगितल्याचं लेखी काही?"
काही नाई. तोंडी हुकूम.
"मग आधी रामसूला सांगा. कोर्टात पहिल्यांदा ऐकायला लावू नका."

२८ ऑग.
धानोऱ्यापर्यंत बस, पुढे पायी. रामसूच्या अंगणात बसलो. सांगतलं. शेठचा हुकूम, बोल्ट, दुपारी परत बसवली ते. रामसू डाव्या हातानं खाटेची दोरी ओढत राह्यला.
"मले तेव्हाच काऊन नाई सांगतलं, भाऊ?"
म्हटलं, भेव वाटलं.
"तारखेले येशीन?"
येतो म्हटलं.
त्याची बायको मैनी दारात उभी होती. माझ्याकडे पाहत गोंडीत तिनं त्याले काही विचारलं. ती काय म्हणाली ते त्यानं मले सांगतलं नाई. परवा तारीख.