सखारामचं पान

१ फेब्रु. १९३३
आज उपासाचा सहावा दिवस. तुरुंगात महार कैद्यांना वेगळं बसवून वाढतात. सगळ्यांची एक पंगत होईपर्यंत हे अन्नाला शिवणार नाहीत.
नाना वकील चार मंडळी घेऊन आले. "वहिनी, ह्यांचा एखादा चांगला फोटो आहे का? मोठा करून घेऊ, सभेला लागेल." माणूस जिवंत आहे अजून. लग्नातला दिला. मला त्यातून कापून टाका म्हटलं.

३ फेब्रु.
सभा दणक्यात झाली म्हणे. हुतात्मा, हुतात्मा. मग पोहे. महारवाडीतले ऐकायला आलेले, ते रस्त्यावर उभे. त्यांना चहा करवंटीतून. शेजारच्या माई कौतुकाने सांगत होत्या, "त्यांनाही दिला हो, विसरले नाहीत."

४ फेब्रु.
महारवाडीतला सखाराम आला. दोन पोरांचा बाप, ह्यांच्याकडे अक्षरं गिरवायला यायचा. अंगणातूनच म्हणाला, "वैनीबाय, तेंना जेवायला सांगा. ते गेले तर बामण आमच्यापायी मेला म्हनतील. गाव आमाला जगू देनार नाय."
ह्याचा विचार ह्यांनी केलाच नसणार.
त्याला चहा दिला. तो गेल्यावर बघते तर करवंटीतूनच दिला होता मी. मेली हाताची सवय.

६ फेब्रु.
भेट. दहा मिनिटं. ओठ फुटलेत. सखारामचा निरोप सांगितला. "भीतीने बोलतो तो." मग, "बाहेर एका तरी ओटीवर अशी पंगत झाली का गं? झाली असं तू येऊन सांग, मी उपास सोडतो. तुरुंगाशी मग भांडेन जेवूनखाऊन."
करवंटीचं मी बोलले नाही.
घरी येईपर्यंत राग राग. मरायला एका पायावर तयार, आणि जगायचं ते माझ्या ओटीच्या भरवशावर.

९ फेब्रु.
रविवारी आमच्या ओटीवर सखारामसकट पंगत, असं सभेतल्या सगळ्यांना कळवलं. नानांच्या मुलीला बघायला येणार आहेत. मास्तरांना पित्त. सेक्रेटरींकडे श्राद्ध. दुसऱ्याने प्राण दिला की या लोकांच्या टाळ्या, आणि भात खा म्हटलं की पोट बिघडतं. फक्त माई हो म्हणाल्या.
फोटो मात्र आला, चौकटीसकट. हारासाठी वर खिळेसुद्धा. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

१२ फेब्रु., रविवार
भात, कुळथाचं पिठलं. तीन पानं मांडली. माईंनी सकाळपासून दार लावून घेतलंय, हाकेला ओ नाही. त्यांचं पान उचललं. राहिली दोन.
सखाराम आलाय. धुतलेला सदरा. पायरीशी उभा आहे, वर चढत नाही, पानांकडे बघतोय.
उद्या पुन्हा भेट आहे. भात निवत चालला. ये वर, बस, एवढंच म्हणायचंय.
आणि मी आत येऊन हे लिहीत बसले आहे.