शैक्षणिक कटिंग

३ मार्च, सकाळ
पीएचडीचं आठवं वर्ष. आज पेपरात वाचलं, शिक्षणाच्या खर्चावर विद्यार्थ्याला टॅक्समध्ये वजावट मिळते! म्हणजे इतकी वर्षं मी सरकारला पैसे सोडत आलो. स्वभावच भोळा. हिला सांगितलं, यंदाची फी माझ्या रिफंडमधून. ही म्हणाली, जमलं तर शीक, नाहीतर एक तारखेपासून माझ्या दादाच्या टाइल्सच्या दुकानात बस. हसत हसत कबूल केलं.

५ मार्च
पावत्या जमवणं जोरात. चष्मा शैक्षणिक, कारण वाचतो. सोफा शैक्षणिक, कारण मला आडवं पडल्याशिवाय सुचत नाही. न्हाव्याला पावतीवर 'शैक्षणिक कटिंग' लिहायला सांगितलं. गाईडना भेटायच्या आधीच केस कापतो, म्हणजे संशोधनाचाच खर्च. तो विचारात पडला, मग म्हणाला, मागून बारीक का?
प्रबंध आज राहिला. उद्यापासून नक्की.

९ मार्च
पलंगभर पावत्या. ही सोफ्यावर झोपते. मेहुण्याचा फोन, दुकानात खुर्ची आणून ठेवलीय. म्हटलं, गिऱ्हाइकांना बसव. काय सुचतं मला!
प्रबंध सोमवारी.

१४ मार्च
टॅक्स सल्लागार बाईंच्या टेबलावर पिशवी उपडी केली. त्यांनी विचारलं, टॅक्स किती भरलात? म्हटलं, एक पैसा नाही, उत्पन्नच नाही. जरा अभिमानानेच. बाई म्हणाल्या, "मग वजा कशातून करायचं?"
वर कळलं, वजावट शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर असते, आणि माझ्या फीचं कर्ज हिच्या नावावर, म्हणून ती हिला मिळते. सगळी वर्षं हिने घेतलीय.

१४ मार्च, संध्याकाळ
हिला जाब विचारला. शांतपणे म्हणाली, "त्याच पैशांतून तुझी पुढची फी भरत होते. आठ वर्षांची मर्यादा यंदा संपली."
फार वाईट वाटलं. सोफ्यावर पडून राहिलो.

३० एप्रिल
पहिला पगार. टॅक्स कापलाय! आनंदाने उडालोच. आता वजा करायला काहीतरी आहे! दुकानातूनच बाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, अजून शिकताय ना? म्हटलं, नाही, फी न भरल्यामुळे नाव काढलं.
मग बाईंनी बाथरूमच्या टाइल्सचा भाव विचारला. मला तोंडपाठ होता.